करंजेवाडीत लस दाखवायला आणतात

करंजेवाडीत बाळाला लस टोचायच्या आधी ती घरी दाखवायला आणावी लागते. घरची चार माणसं तिला बघतात, विचारपूस करतात, पसंत पडली तर सुपारी फोडतात आणि मगच सिस्टर सुईचं पाकीट उघडतात. यात गावाला काही वावगं वाटत नाही. सूनसुद्धा आपण बघितल्याशिवाय आणत नाही, मग जी बाळाच्या अंगातच राहायला जाणार तिला न बघता कसं घ्यायचं, असं ग्रामसभेत निघालं आणि भराभर हात वर झाले. तेव्हा एका निवृत्त मास्तरांनी मुद्दा काढला, की नियम करायचाच तर सगळ्यांना सारखा करा. बाळाच्या अंगात शिरू बघणारा जो कोणी असेल त्यानं आधी घरी येऊन दाखवून जावं. मुद्दा रास्त होता. म्हणून त्याच ठरावात गोवराचंही नाव घातलं, आणि सुपारी फुटेपर्यंत दोघांपैकी कुणीही बाळाला हात लावायचा नाही असं ठरलं.

केरबाअण्णा ताटे म्हणजे या बघण्याच्या कामात मुरलेला माणूस. गावात कुणाकडे मुलगी बघायची असली की अण्णांना बोलावणं यायचं, कारण इतरांच्या जे ओठांवर येऊन थांबतं ते अण्णा बशीतला चहा फुंकत फुंकत खुशाल विचारायचे. लशींच्या बाबतीत तर त्यांचा दराराच होता. अण्णा बैठकीला आले म्हणजे लस परत गेलीच, असं सिस्टरसुद्धा मानून चालायच्या. आता पाळी खुद्द अण्णांच्या नातीची, ईश्वरीची होती. पोर नुकती धरून धरून उभी राहायला लागली होती. खालच्या वाडीत गोवर घरोघर बसत वर येतोय अशी खबर होती, आणि ईश्वरीची आई मोहिनी त्या खबरेनं पोरीला उंबऱ्याबाहेर नेत नव्हती. पण सुपारी अण्णांच्या हातात होती.

लस सकाळी आली. फडतरे सिस्टरांनी निळा डबा उघडून तिला बाहेर काढलं, पाटावर बर्फाची पिशवी ठेवली आणि पिशवीवर तिला बसवलं. एवढीशी काचेची बाटली, पण बसली ती नीट. सिस्टर माहेरच्या माणसासारख्या शेजारी पदर सावरून बसल्या. बर्फ वितळायच्या आत कार्यक्रम उरकायला हवा होता, म्हणून पोह्यांना फाटा देऊन चहावर भागवलं.

अण्णांनी आधी बाटली उजेडाकडे धरून बघितली. मग चालून दाखवायला सांगितलं. लस पाटावरून उतरली, समोरच्या भिंतीपर्यंत सरळ गडगडत गेली आणि तशीच परत आली. मूळ गाव विचारलं, घराणं विचारलं, वय विचारलं. तिनं पाठ वळवून चिठ्ठीवरची तारीख दाखवली. मग अण्णांनी खिशातून मोबाइल काढला. तुला टोचून घेतल्यावर कुठलंसं पोर बोलायचंच थांबलं असं यात आलंय, ते काय, म्हणून त्यांनी स्पष्टच विचारलं. लस म्हणाली की ते तिच्याही कानावर आलंय, आणि ज्या गावाला जाईल तिथं ती त्या पोराचा पत्ता विचारते, पण जो तो पुढच्या गावाकडे बोट दाखवतो.

"बरं, त्रास काय काय देशील?" अण्णांनी विचारलं.

"टोचलेल्या जागी दुखेल," लस म्हणाली. तिचा आवाज बारीक होता. "आठवडाभरानं ताप येईल, बहुतेक थोडाच. एखाद्याला अंगावर बारीक पुरळही येतं. फार क्वचित एखाद्याला जास्तही होतं, म्हणून टोचल्यावर सिस्टर अर्धा तास थांबवून घेतात."

सिस्टरांनी कपाळाला हात लावला. अण्णांनी आजवर जेवढ्या मुली बघितल्या त्या सगळ्या शांत, सुगरण आणि कधी आजारी न पडलेल्या अशाच होत्या. आपल्या तोंडानं आपलं उणं सांगणारं हे पहिलंच स्थळ.

"काही होणार नाही, एवढा शब्द दे," अण्णा म्हणाले. "सुपारी इथंच आहे."

"तेवढा शब्द माझ्याजवळ नाही, अण्णा. आहे तेवढा सांगितला."

"मग आम्ही कळवतो," अण्णा म्हणाले.

'कळवतो' म्हणजे काय ते करंजेवाडीत शेंबड्या पोरालाही कळतं. सिस्टरांनी लशीला उचललं. मोहिनी त्यांच्या मागोमाग बाहेर गेली आणि डब्यात बर्फ आहे तोवर ओट्यावर बसा, असं तिनं हात धरून विनवलं. सिस्टर बसल्या. त्यांना तरी कुठं जायची घाई होती. पुढच्या घरीही अण्णाच असणार होते.

एवढ्यात गोवर आला. पांढरं धोतर, खांद्यावर उपरणं, डोळे थोडे लाल, नाकाला रुमाल. पाट तिथंच होता, पण तो सरळ कॉटवर जाऊन टेकला आणि कुणाला त्याचं काही वाटलंही नाही. त्यानं सगळ्यांना नावानं हाका मारल्या. पाणी मागितलं, खोकला, पावसापाण्याची विचारपूस केली. त्याच्यासाठी चहात साखर जास्त पडली. त्याला चालून दाखवायला कुणी सांगितलं नाही. अण्णांचा धाकटा मुलगा शंभू, म्हणजे ईश्वरीचा बाप, चौकशी करू का असं पुटपुटला, तेव्हा अण्णांनीच त्याला डोळ्यांनी गप्प केलं. पिढ्यान्‌पिढ्यांच्या माणसाला काय विचारायचं!

"माझं काय, मी घरचाच," गोवर म्हणाला. "चार दिवस ताप, अंगावर पुरळ, की मी निघालो. काही होत नाही. शब्द देतो."

शब्द म्हणावा तर असा. अण्णांना हलकं वाटलं. त्यांनी अडकित्ता घेतला, सुपारी पात्यात धरली आणि निव्वळ सवयीनं, काही तरी विचारायचं म्हणून विचारलं, "आमच्याकडे याआधी येणं झालंय का?"

"म्हणजे काय! याच खोलीत," गोवर म्हणाला. "तुमच्या थोरल्याच्या वेळी. वसंता ना त्याचं नाव? गोरागोमटा होता. कुठं असतो हल्ली?"

अडकित्ता थांबला. दाराआड अण्णांच्या बायकोच्या, गोदाक्काच्या हातातला तांब्या खाली पडला आणि पाणी कॉटपर्यंत वाहत आलं. गोवरानं पाय वर घेतले. तो खरोखरच उत्तराची वाट बघत होता. आपण निघाल्यानंतर मागं काय होतं, याची त्यानं कधी माहितीच घेतली नव्हती. वसंता जाऊन चाळीस वर्षं होत आली होती. त्याचं नाव या घरात कुणी घेत नसे.

गोदाक्का दारात आली. बैठकीत ती आजवर कधी बोलली नव्हती.

"शंभूला मी टोचून आणला होता," ती म्हणाली. "माहेरी जाते म्हणून गेले होते. तुम्हाला सांगितलं नाही."

अण्णांनी शंभूकडे बघितलं. चांगला दारात मावणार नाही असा बाप्या झाला होता. अण्णांना रडू आलं. त्यांनी डोळे उपरण्यानं पुसले, अडकित्ता मिटला आणि सुपारी मुठीत धरली.

"आम्ही कळवतो," ते गोवराला म्हणाले.

गोवर जुना माणूस, रीत जाणणारा. त्यानं उरलेला चहा संपवला, येतो म्हणाला आणि चपला घातल्या. ओट्यावर निळ्या डब्याला वळसा घालून तो शेजारच्या काशिदांचं घर शोधत निघाला.

सुपारी लशीपुढे फुटली. गोदाक्कानं तांदूळ आणि खण आणून तिची ओटी भरली. नारळ बाटलीपुढे फार मोठा दिसत होता, म्हणून सिस्टरांनी तो आपल्या पदरात घेतला. ईश्वरी टोचताना रडली आणि लगेच नारळाशी खेळायला लागली. सिस्टर अर्धा तास बसून गेल्या.

त्यानंतरचा आठवडा अण्णांना खायला उठला. ते पोरीच्या कपाळाला सारखा हात लावून बघायचे. आठवडा उलटला आणि सकाळी ईश्वरीला ताप आला. थोडाच होता. मोहिनी घाबरून सासऱ्यांकडे बघायला लागली, तर अण्णांच्या तोंडावर कित्येक दिवसांनी हसू होतं.

"शब्दाला जागली," ते म्हणाले. दोन दिवसांत ताप उतरला.

तिसऱ्या दिवशी काशिदांकडून बोलावणं आलं. तिथं बघण्याचा कार्यक्रम होता आणि अण्णांशिवाय बैठक बसत नव्हती. अण्णा गेले. गोवर कॉटवर लोडाला टेकून बसला होता आणि त्याच्यापुढे चहा आला होता. अण्णा थेट स्वयंपाकघरात गेले, तिथला पाट उचलून आणला आणि खोलीच्या मधोमध मांडला.

"पाहुणे, खाली बसा," ते म्हणाले. "थोडी विचारपूस करायची आहे."