ऑफ सीझनमधली होडी

ताईंच्या यजमानांनी आयुष्यात एकही वस्तू तिच्या हंगामात घेतली नव्हती. छत्री थंडीत, स्वेटर उन्हाळ्यात, पंखा भर पावसात. मुलाचा गणवेश ते शाळा संपल्यावर घेत आणि शाळा सुरू होईपर्यंत मुलगा दोन इंच वाढलेला असे. एका कारखान्यात ते स्टोअरकीपर होते आणि गरज नसताना घेतलेली वस्तूच खरी स्वस्तात पडते, हे त्यांचं तत्त्व होतं. लग्नसुद्धा त्यांनी अशा महिन्यात केलं की हॉल अगदी सहज मिळाला. पाहुणे तेवढे मिळाले नाहीत.

ताई दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर बसत. त्यांच्या समोरच्या भिंतीवर एका औषध कंपनीचं जुनं कॅलेंडर होतं, अकरा वर्षांपूर्वीचं. चित्र चांगलं म्हणून कोणी ते उतरवलं नव्हतं. उत्तरेकडचं एक तळं, मधोमध एक होडी आणि होडीत पाठमोरं बसलेलं कोणीतरी. त्या माणसाला कोणी काही विचारत नव्हतं, हे ताईंना फार आवडायचं. कारण ताईंना दिवसभर सगळे एकच विचारत. गालावर हात धरून माणसं टेबलापाशी येत आणि म्हणत, "अजून किती वेळ?" ताई म्हणत, "पाच मिनिटं. बसा." ही पाच मिनिटं पाऊण तासाच्या आत कधीच संपत नसत. मुरलेले पेशंट ते ऐकलं की विणकाम काढत. संध्याकाळी घरी यावं तर पायमोजे कुठे आहेत, चष्मा कुठे आहे, काल ठेवलेला स्क्रू कुठे आहे. एकदा तरी त्या होडीत बसायचं, तासभर, गुपचूप, एवढंच ताईंना हवं होतं.

आणि एक दिवस यजमान खरंच त्या तळ्याचं बुकिंग करून आले. ताईंचा विश्वास बसेना. मग तारीख कळली आणि बसला.

"अहो, या दिवसांत तिथे कोण असतं?"

"कोणी नसतं. तीच तर मजा आहे. अख्खं तळं आपलं."

आठ वर्षांपूर्वी, दुकान बंद होत असताना, यजमानांनी एक गळाची काठी घेऊन ठेवली होती. तिच्या वेष्टणाला आजवर हात लागला नव्हता. आता ती निघाली. रोज ताजा मासा, असं म्हणत त्यांनी ती बॅगेच्या वर बांधली आणि स्वारी निघाली.

अख्खं तळं खरंच त्यांचं होतं. हॉटेल बंद, दुकान बंद, होडी क्लब बंद. होड्या पाण्यातून काढून, पालथ्या घालून शेडमध्ये ठेवल्या होत्या, शेडला कुलूप होतं आणि किल्ली घेऊन क्लबचा कारकून त्याच दिवशी आपल्या गावी गेला होता. त्यांच्या खोल्यांचा रखवालदार हे सगळं इतक्या प्रेमाने सांगत होता, जणू हीच इथली प्रेक्षणीय स्थळं. गरम पाणी सीझनमध्ये येतं, असंही तो म्हणाला. यजमानांनी त्याला अंडी-पाव तरी मिळतील का विचारलं. तेवढे मिळतात, असं कळल्यावर ते ताईंकडे असे बघायला लागले, जणू म्हणत होते, बघ, काही अडलं का. ताईंनी कपाळावर हात मारला नाही, पण हात अर्ध्यापर्यंत गेला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं धक्क्यावर गेली, तर दुष्काळात तेरावा महिना. धक्क्यावर भला मोठा फलक होता. मासे अंडी घालण्याचे महिने, मासेमारीस सक्त बंदी. फलकाखाली बाकावर मत्स्यखात्याचा रक्षक बसला होता. डोक्याभोवती मफलर गुंडाळलेला आणि डावा गाल सुजलेला.

यजमान त्याच्याशी वाद घालायला लागले. आपण मासे धरणारच नाही, नुसती काठी फेकून बघणार, काटासुद्धा लावणार नाही, पुढे शिशाचं वजन तेवढं बांधू. काटा नाही म्हणजे मासेमारी नाही. फलकावर काठीला बंदी कुठे लिहिली आहे ते दाखवा. रक्षकाला बोलताना यातना होत होत्या आणि यजमानांशी वाद घालायला तर चांगला जबडाही पुरत नाही. शेवटी त्याने हात झटकले.

ताईंनी तोवर त्याचा गाल बघून घेतला होता. "खालची अक्कलदाढ," त्या म्हणाल्या. "चार दिवस झाले ना?"

रक्षकाने मफलर सैल करून गाल पुढे केला. पाच दिवस झाले होते. शहरातल्या दवाखान्यात दोनदा जाऊन, तीन-तीन तास बसून, नंबर न लागता तो परत आला होता. ताईंनी त्याला कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायला सांगितल्या, त्या बाजूने चावू नका म्हणून बजावलं आणि कितीही थांबावं लागलं तरी डॉक्टरांना दाखवाच, असा दमही दिला. पाच दिवसांत त्याच्या दाढेची एवढी विचारपूस कोणी केली नव्हती. माणूस विरघळला. मग ताईंनी धक्क्याला बांधलेल्या एकुलत्या एका होडीकडे बोट दाखवलं. ती त्याचीच गस्तीची होडी होती, मागचा अर्धा भाग ताडपत्रीने झाकलेला.

"नुसती बसू का? बांधलेलीच असू दे."

नियमात बसत नाही, पण बसा, असं तो म्हणाला. वल्ही शेडमध्ये कुलपात आहेत, दोरखंड खुंट्याला बांधलेला आहे, तेव्हा होडी कुठे जात नाही. फक्त दोरखंडाला हात लावायचा नाही. ताई होडीत उतरून बसल्या. होडी धक्क्याला टकटक आपटत होती, समोर तळ्याऐवजी धक्क्याचा शेवाळलेला खांब दिसत होता, तरी बसल्याबसल्या त्यांना बरं वाटलं. अगदी चार मिनिटं बरं वाटलं.

यजमानांच्या पहिल्या तीन फेकी धक्क्यावरच पडल्या. चौथी मात्र जोरात गेली आणि वाऱ्याने फिरून होडीच्या दोरखंडावर आली. शिशाच्या वजनाने दोरखंडाला तीन वेढे घेतले आणि गळाच्या दोऱ्याचा असा गुंता झाला की बघवेना.

"अहो, दोरा कापून टाका," ताई होडीतून म्हणाल्या.

कापून टाका म्हटल्यावर यजमान दुखावलेच. स्टोअरमध्ये त्यांनी सुतळीसुद्धा कधी कापू दिली नव्हती. हा तर परदेशी दोरा, सव्वाशे मीटर, अखंड. यात तुकडा पाडायचा म्हणजे काय? त्यांनी जरा विचार केला. दोरा दोरखंडात अडकला आहे. दोरा मोलाचा, दोरखंड साधा. मग सोडायचं काय? दोरखंड. इतकं सोपं होतं. रक्षक बाकावर पाठ करून रखवालदाराकडून आणलेल्या कोमट पाण्याने गुळण्या करत होता. यजमानांनी खुंट्यावरची गाठ सोडली, दोरखंडाचं टोक बुटाखाली दाबलं आणि निवांतपणे एकेक वेढा काढायला बसले. ताई तीनदा म्हणाल्या की अहो, टोक खुंट्याला अडकवा. ते तीनदा म्हणाले की माझं लक्ष आहे. दहा मिनिटांनी शेवटचा वेढा निघाला, दोरा शाबूत सुटला आणि त्या आनंदात यजमानांनी पाय उचलला.

वारा काठाकडूनच होता. होडी आवाज न करता निघाली.

"अहो," ताई म्हणाल्या, "होडी चालली."

"हो, हो, धरतोय," असं म्हणत यजमानांनी बुटाखाली पाहिलं. तिथे फक्त धक्का होता.

रक्षक वळला तेव्हा त्याच्या तोंडात मिठाचं पाणी होतं. ते त्याने गिळलं. पुढची पाच मिनिटं काठावर जो गोंधळ झाला तो ताईंना होडीतून नीट दिसत होता. शेडला कुलूप. किल्ली कारकुनाकडे. कारकून गावात. फोनला रेंज नाही. रखवालदार सायकल काढून किल्ली आणायला निघाला, पण जायला तास आणि यायला तास, वर गाव चढावर. यजमान काठावरून ओरडत होते की घाबरू नकोस, डावीकडे झुकू नकोस, हाताने पाणी मार, नको मारू, गार लागेल. उंटावरून शेळ्या हाकायला त्यांना सीझन लागत नसे.

ताई घाबरल्या होत्या, खोटं कशाला सांगायचं. पाय गारठले म्हणून त्यांनी मागची ताडपत्री अंगावर ओढली आणि खाली दोन वल्ही दिसली. काल कारकून कुलूप लावून जाण्याआधी, दाढदुखीच्या भरात रक्षकाने ती शेडमध्ये ठेवलीच नव्हती. ताईंना हसू आलं. लहानपणी मामाच्या गावी नदीत त्यांनी ढीगभर वेळा होडी वल्हवली होती. आता फार तर वीस हात मारले की धक्का. त्यांनी एक वल्हं उचललंही.

तेवढ्यात काठावरून हाक आली. यजमानांनी दोन्ही हातांचा कर्णा केला होता.

"अगं, स्वेटरच्या बॅगेची किल्ली कुठे ठेवलीयस?"

पाण्यात वाहत चाललेल्या बायकोला हा प्रश्न. ताईंनी वल्हं होतं तिथे ठेवलं, वर ताडपत्री नीट पसरली आणि काठाकडे पाठ करून बसल्या.

होडी तळ्याच्या मधोमध गेल्यावर वारा पडला. होडी जागच्या जागी थांबली. समोर नुसतं पाणी होतं, पलीकडे झाडं, आणि कोणी काही विचारत नव्हतं. कॅलेंडरमधल्या माणसाचा चेहरा अकरा वर्षांत दिसला नव्हता. तो कसा असणार, हे ताईंना आता कळलं.

काठावर मात्र घोडं पेंड खात होतं. शेवटी यजमानांनीच सुचवलं की गळ होडीपर्यंत फेकू आणि होडी ओढून घेऊ. नुसत्या वजनाने होडी अडकणार कशी? काटा पाहिजे. ज्या रक्षकाने सकाळी नुसत्या काठीवरूनही वाद घातला होता, त्यानेच खिशातून जप्त केलेला एक मोठा काटा काढून यजमानांच्या हातात दिला. पहिल्या फेकीत काटा मासेमारीस सक्त बंदी या फलकात रुतला. दुसऱ्या फेकीत काटा रक्षकाच्या मफलरमध्ये अडकला. तिसऱ्या फेकीला काठी वाकली, दोरा ताणला गेला आणि यजमान ओरडले की लागली, होडी लागली. ते खेचायला लागले, रक्षकाने त्यांची कंबर धरली, आणि पाच मिनिटांच्या झटापटीनंतर धक्क्यावर एक हातभर लांबीचा, पोट टम्म फुगलेला मासा येऊन पडला.

यजमानांच्या आयुष्यातला हा पहिला मासा. ते दोन्ही हातांनी तो उंच धरून ताईंना हाका मारत होते की बघ, फोटो काढ, फोन तुझ्याकडे आहे. ताई पाठमोऱ्या होत्या. त्यांना ऐकू येत होतं. रक्षकाने आधी मासा पाहिला, मग त्याचं अंड्यांनी भरलेलं पोट, मग वरचा फलक, मग त्यात आपल्याच काट्याने पडलेलं भोक, आणि मटकन बाकावर बसला. नियमाप्रमाणे त्याला यजमानांवर खटला भरायला हवा होता आणि साक्षीदार म्हणून स्वतःलाच उभं करायला हवं होतं. त्याने हळूच काटा काढून मासा पाण्यात सोडायला लावला. दीड मिनिट मासा यजमानांचा होता, आणि फोटो नाही. ज्याच्यासाठी आठ वर्षं काठी सांभाळली त्याचा हा असा शेवट. यजमानांचा चेहरा एवढा उतरला की रक्षकानेच त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

दोन तासांनी रखवालदार किल्ली घेऊन धापा टाकत आला. शेड उघडली, एक लहान होडी पाण्यात लोटली, वल्ही म्हणून तिचीच जुनी जोडी मिळाली आणि रक्षक एकटाच निघाला. यजमानांना येऊ दिलं नाही. तळ्याच्या मध्यावर त्याने आपली होडी ताईंच्या होडीला लावली, दोरखंडाचं टोक उचललं आणि बांधायला म्हणून मागची ताडपत्री बाजूला केली.

वल्ह्यांकडे तो बराच वेळ बघत होता. गस्त संपली की वल्ही शेडमध्ये ठेवायची, हा नियम त्याच्याच सहीने शेडच्या दारावर लावलेला होता. मग त्याने ताईंकडे पाहिलं. ताई पाण्याकडे बघत होत्या, घाबरलेल्या मुळीच दिसत नव्हत्या. रक्षकाने ताडपत्री होती तशी ओढून घेतली, कडा दुमडून आत खोचल्या आणि सुजलेल्या गालावर हात ठेवून, अगदी हळू आवाजात विचारलं,

"अजून किती वेळ?"

ताईंच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "पाच मिनिटं. बसा."

दवाखान्याच्या बाकांवर तीन-तीन तास काढलेला माणूस तो. त्याने आपली वल्ही आत घेतली, मफलर सारखा केला आणि होडीत पाय लांब करून बसला.

काठावरून यजमान हाका मारत होते की काय झालं, निघालात का, अजून किती वेळ लागणार. रक्षकाला जबड्यामुळे ओरडता येत नव्हतं. त्याने हात वर केला आणि पाचही बोटं पसरून दाखवली.