उभं राहायचं नाही

पलंगाखाली सरकलेली चप्पल काढायला अध्यक्ष वाकले आणि वाकलेलेच राहिले. कंबरेत उसण भरली. मतं मागताना ते याहून जास्त वाकत, पण निकाल लागला की आपोआप सरळ होत. आज ते काही जमेना.

खुर्चीत बसून उभं आयुष्य काढलेला हा माणूस. नगरपालिकेचा अध्यक्ष म्हणून इतक्या वेळा निवडून आला, की त्याचं खरं नाव मतपत्रिकेशिवाय कुठं सापडत नसे. आणि उसण भरायला दिवस तरी कुठला निवडावा? संध्याकाळी पक्ष या निवडणुकीचा उमेदवार जाहीर करणार होता. तिकीट आपल्यालाच, याबद्दल अध्यक्षांना शंका नव्हती. पक्षाचे जिल्हाप्रमुख सकाळी फोन करून 'तयार आहात ना' म्हणून विचारत आणि आपण 'तयार' म्हणायचं, एवढाच काय तो उपचार असे. पण त्या एका शब्दाशिवाय तिकीट हलत नसे, हेही खरं.

बायकोनं, म्हणजे साऱ्या गावाच्या वहिनींनी, त्यांना पलंगावर लोटलं. तरी हे हट्टानं एकदा उभे राहिले आणि धाडकन पडले. मग समोरचे डॉक्टर आले. त्यांनी पाठ दाबून पाहिली, सुई टोचली आणि बजावलं, की आठवडाभर उभं राहायचं नाही, बसायचंही नाही, नुसतं पडून राहायचं. अध्यक्षांनी कण्हत विचारलं, "कणा शाबूत आहे ना?" डॉक्टर म्हणाले, अगदी ठणठणीत. त्याही स्थितीत अध्यक्षांना बरं वाटलं. याला कणाच नाही, असं विरोधी पक्षाचा कापडवाला वर्षानुवर्षं चौकाचौकात सांगत आला होता. डॉक्टरांकडून तसं लिहून घ्यावं, असं मनात येतंय तोच सुईची गुंगी चढली आणि त्यांचा डोळा लागला.

तेवढ्यात खुंटीवरच्या कोटात फोन वाजला.

आता, वहिनींना खोटं बोलता येत नसे. संसाराच्या सुरुवातीला अध्यक्षांनी एकदा त्यांना 'मी घरी नाही म्हणून सांग' असं शिकवून पाहिलं होतं. वहिनींनी दारात जाऊन सांगितलं, "घरी नाहीत म्हणून सांगायला सांगितलंय." तेव्हापासून अध्यक्ष फोन आणि दार दोन्ही स्वतःच सांभाळत. आज मात्र ते घोरत होते.

"वहिनी, अध्यक्ष तयार आहेत ना?" जिल्हाप्रमुखांनी विचारलं.

"कसले तयार? उभं राहायचं नाही, असं ठरलंय."

"म्हणजे बसणार म्हणता?"

"बसतायत कुठले. सकाळी माझं न ऐकता उभे राहायला गेले, ते पडले. या वयात पुन्हा पडले तर उचलायचं कुणी?"

"पण कुणी पाठीशी राहिलं तर?"

"मीच आहे की पाठीशी. इतकी वर्षं धरलंय, आता माझेही हात दुखतात."

जिल्हाप्रमुख सुस्कारा टाकून म्हणाले, या पक्षात इतकं स्पष्ट आजवर कुणी बोललं नाही. वहिनी म्हणाल्या, तुम्ही कधी विचारलंच नाहीत.

अध्यक्षांना जाग आली ती खालच्या गलक्यानं. उशाशी कापडवाला बसला होता, हातात फुलांचा गुच्छ आणि डोळ्यांत चक्क पाणी. तुम्ही बसलात म्हणे, असं म्हणून तो नाक ओढायला लागला. आपण बसलेलो नसून आडवे आहोत, हे अध्यक्षांनी त्याच्या नजरेस आणून दिलं. मग वहिनींना विचारलं, आणि वहिनींनी फोनवरचं सगळं शब्दन्‌शब्द सांगितलं. अध्यक्षांनी कपाळावर हात मारायला हात उचलला, तर कंबरेत कळ आली. तोही मनासारखा मारता येईना.

त्यांनी तडक जिल्हाप्रमुखांना फोन लावून सांगितलं, की मी उभा राहतोय, नक्की. पलीकडून हसण्याचा आवाज आला. पूल नक्की होता, नळ नक्की होता, माझ्या भाच्याची नोकरीही नक्कीच होती, जिल्हाप्रमुख म्हणाले. तुमचं 'नक्की' मला पाठ आहे. आणि वहिनी काही खोटं बोलायच्या नाहीत. फोन बंद झाला.

"मला गॅलरीत न्या," अध्यक्ष म्हणाले. "लोकांना दाखवतो उभा राहून."

वहिनींनी एक बगल धरली. दुसरी कापडवाल्यानं धरली. तुम्ही गेलात तर मी बोलू कुणाविरुद्ध, हे त्याचं दुःख अगदी खरं होतं. जन्मभर अध्यक्षांना पाडायला टपलेला माणूस आज घाम गाळून त्यांना सावरत होता. खाली जमलेल्या लोकांना मात्र एवढंच दिसलं, की अध्यक्षांचा हात विरोधी पक्षाच्या खांद्यावर आहे.

"मी उभा आहे," अध्यक्ष ओरडले.

"कापडवाल्याच्या आधारावर," खालून कुणीतरी म्हणालं, आणि ही बातमी अध्यक्षांची पाठ पलंगाला टेकायच्या आत जिल्हाप्रमुखांपर्यंत पोचली.

संध्याकाळी जिल्हाप्रमुख स्वतः आले. पलंगाजवळ थांबून त्यांनी तब्येत विचारली आणि ते सरळ स्वयंपाकघराच्या दाराशी गेले. उमेदवार ठरला, म्हणाले. तुम्हीच, वहिनी. वहिनींनी हातातलं पातेलं खाली ठेवलं. आपल्याला राजकारणातलं ओ की ठो कळत नाही, असं त्यांनी सांगितलं. सकाळी बोललात तेवढं पुरे आहे, असं उत्तर आलं.

अध्यक्षांचे डोळे भरून आले. खुर्ची हातची गेली, याचं त्यांना फार म्हणजे फारच वाईट वाटलं. वहिनी पदराला हात पुसत त्यांच्या उशाशी येऊन उभ्या राहिल्या.

"तुम्हाला चालेल का?"

"बघू," अध्यक्ष सवयीनं म्हणाले.

"'बघू' नको. तुम्हाला दुखणार असेल तर मी आत्ता नाही म्हणते. हो की नाही, तेवढं सांगा."

कारकिर्दीत असा प्रश्न अध्यक्षांनी कधी अंगावर येऊ दिला नव्हता. मग त्यांनी बायकोकडे पाहिलं. दिवसभर त्यांचं ओझं धरून दुखलेले हात ती खरंच चोळत होती.

"हो," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून फोन अध्यक्षांच्या उशाशी आला. तो सारखा वाजायचा आणि हलायची बंदी असल्यामुळे त्यांनाच घ्यावा लागायचा.

"वहिनी आहेत का?"

"त्या उभ्या आहेत," अध्यक्षांनी स्वयंपाकघराकडे मान वळवून सांगितलं. ओट्याशी भाजी चिरणं चाललं होतं.

"ते गावाला माहीत आहे हो. घरी आहेत का?"

'नाहीत' हा शब्द अध्यक्षांच्या जिभेवर जन्माचा बसलेला. तो आता सुटणार, तेवढ्यात आतून आवाज आला, "अहो, आहे म्हणून सांगा."

अध्यक्षांनी फोन पुन्हा तोंडाशी धरला.

"आहेत म्हणून सांगायला सांगितलंय," ते म्हणाले.