दळवीकाकांचा ब्लॉक

दळवीकाका अधूनमधून एखाद्या रविवारी स्वतःच्याच घराची बेल वाजवत आणि दार उघडणाऱ्याला अजिजीनं विचारत, "आजचा पेपर देता का जरा? वाचून लगेच आणून देतो." दार उघडणारा आमच्या चाळीतलाच कोणीतरी असे. तो काकांना काकांच्याच घरात "या, बसा" म्हणे. मग काका चपला बाहेर काढून दाराजवळच्या स्टुलावर टेकत आणि कोचावरच्या पाहुण्यांना सांगत, की शेजार असावा तर असा, फार सज्जन माणसं आहेत ही.

काकांचं डोकं ठिकाणावर होतं. घरात मुलगी दाखवण्याचा कार्यक्रम चाललेला असे, एवढंच.

मुलुंडला आमच्या चाळीसमोर पूर्वी म्हशींचा तबेला होता. तो गेला आणि तिथे चार मजली सोसायटी उभी राहिली. शेणाचा वास जाऊन ऑइलपेंटचा आला, आणि आमची चाळ एकाएकी फारच जुनी दिसायला लागली. चाळीतून त्या इमारतीत जाऊ शकलेला माणूस एकच, दळवीकाका. विक्रोळीच्या कारखान्यात जन्म घालवून ते निवृत्त झाले आणि हातात आलेला सगळा फंड त्यांनी पहिल्या मजल्यावरच्या ओनरशिप ब्लॉकात घातला. एकटा जीव, लग्न केलेलं नाही. संडास-बाथरूम आत असलेल्या दोन खोल्या घेऊन हा माणूस करणार काय, हा चाळीपुढचा प्रश्न होता. काकांनी कोच घेतला, काचेची शोकेस घेतली, कपबशांचा मोठा सेट घेतला. आणि जेवायला मात्र पूर्वीसारखेच चाळीत तावडेबाईंच्या खानावळीत येत राहिले. चहासुद्धा नाक्यावरच्या हॉटेलात.

इकडे आमच्या चाळीत लग्नाच्या मुली होत्या आणि प्रत्येकीच्या घराची एकच खोली होती. मुलाकडची माणसं यायची म्हटलं, की आयांची आवराआवर सुरू होई. सामायिक नळावरची भांडणं, पडद्यामागची मोरी, खाटेखाली कोंबलेल्या ट्रंका हे सगळं कुठे लपवणार? सुनंदा गावडेच्या वेळी तिची आई काकांकडे दोन खुर्च्या मागायला गेली. काका म्हणाले, "खुर्च्या कशाला नेता? माणसांनाच इकडे घेऊन या."

तिथून ते खूळ सुरू झालं. ज्याची मुलगी, त्याच्या नावाची पाटी काका पुठ्ठ्यावर सुबक अक्षरात रंगवत आणि दारावरच्या खिळ्याला अडकवत. एरवी तो खिळा मोकळाच असे. लग्न ठरलं की खरं सांगावं लागेच, पण तोवर मुलगी पसंत पडलेली असे आणि काका त्यालाच यश म्हणत.

आदल्या दिवशी तालीम होई. स्वयंपाकघराच्या दाराबाहेर बोर्डावर काळी बटणं ओळीनं होती. काका दाराजवळच्या स्टुलावर बसून हुकूम सोडत: दिवा लाव, पंखा लाव, गॅलरीतला दिवा. मुलीनं बोर्डाकडे बघायचं नाही. बघितलं की पुन्हा पहिल्यापासून. "स्वतःच्या घरात माणूस बटण शोधत नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मुलगी गोरी आहे का, गाते का, याची त्यांना फिकीर नव्हती. बटण अचूक लागलं की ते खूष.

माझी पाळी आली तेव्हा मी आईला म्हटलं, आपलंच घर दाखवू. आई म्हणाली, "आणि त्यांना बसवू कुठे, तुझ्या डोक्यावर?" विषय संपला. तालमीत बटणं मला नीट जमली. काकांनी मान डोलावली, पण मला आतून मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. चाळीतली पोरं जिन्यात उभी राहून दारावरची आमची पाटी वाचत होती, आणि ते घर कोणाचं आहे हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

रविवारी मुलगा आला, त्याची आई आली आणि मालाडचे त्याचे मामा आले. मी न बघता दिवा लावला, पोहे आणले. मुलगा खाली मान घालून खात होता, चेहऱ्यावरून बरा वाटला. बाबा कोचावर असे बसले होते, की जणू कोच तुटला तर भरून द्यावा लागेल. मामा मात्र पोह्यांना हात न लावता शोकेसकडे बघत होते. मग घड्याळाकडे. मग माझ्याकडे.

तेवढ्यात बेल वाजली. बाबांनी दार उघडलं.

"परबसाहेब, आजचा पेपर देता का जरा?"

काका आत येऊन स्टुलावर टेकले. मामा त्यांच्याकडे बघत राहिले आणि अगदी शांतपणे म्हणाले, "मागच्या खेपेलाही तुम्ही पेपरच मागत होता. तेव्हा गावडेसाहेबांकडे."

मामा आपल्या मुलासाठी सुनंदाला बघून गेले होते. तिथे पत्रिका जुळली नव्हती, आणि मध्यस्थ वेगळा असल्यानं आम्हांला काहीच कळलं नव्हतं. ते उठले आणि त्यांनी कोचाची उशी उलटी केली. खाली चहाचा मोठा डाग होता. "हा माझ्याच हातून सांडलेला," ते म्हणाले.

बाबांनी मान खाली घातली ती वर केलीच नाही. माझ्या हातात पाण्याचा तांब्या होता. तो ठेवावा की घेऊन आत जावं हे कळत नव्हतं. इतकी लाज मला त्याआधी कधी वाटली नव्हती. आमच्या खोलीचीसुद्धा नव्हती.

काका स्टुलावरून उठले. "घर माझं आहे," ते म्हणाले. "ही माणसं येत नव्हती, मीच आणली. घर उसनं आहे. मुलगी उसनी नाही हो."

मुलाची आई भली होती. तिनं एवढंच विचारलं, की मग तुम्ही राहता कुठे? मी खिडकीतून समोर बोट दाखवलं. ती बराच वेळ बघत राहिली. कळवतो म्हणून ते निघाले, आणि काय कळवणार हे सगळ्यांना कळलं होतं. जाताना मुलानं पोह्यांची रिकामी बशी नीट शोकेसच्या कडेला ठेवली, हे मला अजून आठवतं.

आई-बाबा एकमेकांशी न बोलता घरी गेले. मी मागे राहून भांडी घासली. बाहेर आले तर काका पुन्हा त्या स्टुलावरच बसलेले, दाराशी, पाय जवळ घेऊन. घरात पाहुणे नव्हते, कोच रिकामा होता. मी म्हटलं, "काका, कोचावर बसा ना."

"माझं इथेच बरं असतं," ते म्हणाले. मग थोड्या वेळानं, "माझ्यामुळे मोडलं गो तुझं, शैला."

मी नाही म्हटलं. त्यांना ते ऐकू गेलं की नाही कोण जाणे. ते रिकाम्या कोचाकडे बघून बोलत होते. तरुणपणी त्यांनाही दोन-तीन स्थळं आली होती. प्रत्येक मुलीचा बाप एकच विचारी, जागा आहे का? ते कारखान्यातल्या दहा जणांबरोबर एका खोलीत राहत होते. "जागा झाली तेव्हा विचारणारं कोणी राहिलं नव्हतं," काका म्हणाले, आणि बाबांच्या नावाची पाटी त्यांनी खिळ्यावरून काढून माझ्या हातात दिली. मी विचारलं, तुमच्या नावाची कुठे आहे? त्यांनी ती कधी केलीच नव्हती. मला कोणाला दाखवायचं आहे, म्हणाले.

मी पाटी घेऊन जिना उतरले. खाली चाळीतली पोरं वाट बघत होती, काय झालं विचारायला. मी तशीच मागे वळले, वर गेले आणि बेल वाजवली.

काकांनी दार उघडलं. मी म्हटलं, "काका, आजचा पेपर देता का जरा?"

ते माझ्याकडे बघतच राहिले. मग बाजूला झाले आणि म्हणाले, "ये. आत ये. बस." त्यांनी मला कोचावर बसवलं, पेपर शोधून दिला, आणि दोन पावलं जाऊन परत वळून विचारलं, "चहा घेशील ना?"

मी हो म्हटलं. ते स्वयंपाकघराच्या दाराशी गेले आणि त्यांनी बटण दाबलं. पंखा सुरू झाला. तो बंद करून दुसरं दाबलं, तर गॅलरीतला दिवा लागला. मी पटकन पेपर उघडून तोंडासमोर धरला आणि आतला दिवा लागेपर्यंत वाचत राहिले.