मौजे दापोडी येथील बसथांब्याची मोहीम

श्रीगजवदनास नमन करून, शारदेस नमन करून, आणि मिक्सरच्या घरघरीवर ओवी म्हणणाऱ्या आयाबायांस दोन वेळा नमन करून, मौजे दापोडी येथे नववीच्या पोरांनी वादविवादाचा जो संग्राम केला त्याची हकिकत लिहितो. श्रोतीं सावध असावे, वडापाव बाजूस ठेवावा.

ऐसियास, शाळेच्या फाटकासमोर चाकणास जाणाऱ्या कंपनीबसचा थांबा. तो राहावा की हलवावा, हा कज्जा. बसचे कंत्राटदार उद्धवराव हेच पंच. त्यांनी फर्माविले की, जो संघ जिंकेल त्याचे म्हणण्यासारखे करू; थांबा येथेच ठेवू, अगर फुगेवाडीस नेऊ. मग चिठ्ठ्या पडल्या, आणि दैवगती ऐसी की, दापोडीची वाघीण रश्मी, जिचे तीर्थरूप जयसिंगराव रोज त्याच थांब्यावरून चाकणावर स्वारी करीत, तिचेच वाट्यास 'हलवावा' आले. आणि 'राहावा' गेले चिंचवडच्या गणराजाकडे, ज्याने ती बस जन्मात पाहिली नव्हती.

घरी रण माजले. जयसिंगराव बोलिले, "पोरी, माझं गुडघं बघ जरा. हरलीस तर पेढे वाटीन."

"पेढे आणाच बाबा," रश्मी म्हणाली, "जिंकल्यावर लागतील."

मातोश्री सोजरबाईंनी दोघांस एकच भाकरी निम्मी निम्मी वाढोन तह करविला, तो हात धुवेपर्यंत टिकला.

गुरुवार उगवला. कारखान्यांची सुट्टी, म्हणोन जयसिंगराव कंपनीची पलटण घेऊन लेकीच्या कुमकेस आले. परंतु गणराज उभा राहिला आणि गर्जला की, रांग शिस्तीची असते, फाटक कधीच अडत नाही. आणि पलटणीने टाळ्यांचा कडकडाट केला. "बरोबर बोलला, भावा!" हा पहिला पुकारा खुद्द जयसिंगरावांचा. खाशी फौज गनिमास मिळाली! रश्मीचे डोळे पवना नदीसारखे भरले, परंतु तिने त्या नदीवरच्या रसायनासारखा फेस येऊ दिला नाही.

मग ती बोलू लागली. मुद्दे मातबर, परंतु टाळी एक पडेना. इतक्यात एक मिनिट उरल्याचा इशारा द्यावयाचा जाहला. शाळेची घंटा चोरीस गेलेली, म्हणोन वेळ पाहणारे अण्णासाहेब, निवृत्त फोरमन, यांनी कारखान्यात पाळी सुटताना वाजे तो हाताने फिरवायचा भोंगा आणिला होता, तो फिरविला. तो नाद कानी पडताच काय वर्णावे! समस्त पलटण, सुट्टी विसरोन, एकदम उठली, आणि पिशव्या काखोटीस मारल्या, आणि धावोन फाटकात रांगेस लागली, बस नसता. सर्वांपुढे जयसिंगराव. फाटक बुजले. आणि बाहेर, पंचांचे वडापाव घेऊन आलेला टेम्पो अडकोन पडला.

रश्मी म्हणाली, "अध्यक्षमहोदय, माझं भाषण संपलं. फाटकाकडे बघा."

उद्धवरावांनी फाटक पाहिले, मग टेम्पो पाहिला, मग वड्यांची वाफ विरताना पाहिली, आणि हुकूम जाहला की, दापोडीची फत्ते. थांबा सोमवारपासून फुगेवाडीस.

गणराज रडकुंडीस येऊन जयसिंगरावांपाशी गेला. "काका, तुम्ही माझ्या बाजूचे होतात ना?"

"व्हय रे भावा. पर भोंगा झाला ना!"

सबब नोंद करितो की, ढाल टीव्हीशेजारी विराजली, आणि जयसिंगराव थांबा गाठण्यापुरते पायदळात दाखल जाहले. सोमवारी पहाटे फुगेवाडीस पलटण करवादली की, "कुणी हलवला राव हा थांबा?" जयसिंगराव गुडघा चोळीत, छाती काढोन बोलिले, "माझ्या पोरीनं. हिंमत असंल तर बोलून परत आणून दाखवा."

मग जयसिंगरावांनी पिशवीतून पेढे काढिले.