फुंकर मारण्यास सक्त मनाई

परभणी जिल्ह्यात जुन्या व्हिडिओ गेमचं संगीत कळणारा माणूस एकच, आणि तो मी! हे मी फुशारकीनं सांगत नाही. दुसऱ्या कोणी दावाच केलेला नाही, म्हणून नाइलाजानं सांगतो.

चुडाव्याच्या पुढं आडवळणाला आमचं गाव. तिथल्या शाळेत मी विज्ञान शिकवतो. घरी माझ्याकडं तीन व्हिडिओ गेम, पाठीला कुबड असलेला एक डब्बा टीव्ही आणि एक्केचाळीस कॅसेटी. या सगळ्यावर माझं प्रेम आहे, आणि माझ्या बायकोचा, माधवीचा, डोळा! यंदा तिनं शेवटचं सांगून टाकलं.

"अहो, पाडव्यापर्यंत हे भंगार घरातून काढा. नाहीतर भंगारवाल्याला मीच हाक मारीन."

"भंगार नाही, कला आहे ती!"

"मग कलेच्या बदल्यात एखादी बादली मिळते का बघते."

आता वाचवणारी जागा एकच होती. शाळेतली संगणक खोली. बाहेर बोर्ड 'संगणक कक्ष', आत खिचडीच्या तांदळाची रिकामी पोती. ती मिळाली तर माझं संग्रहालय उभं राहणार होतं. पण मुख्याध्यापक योगीराज सर म्हणजे कुठल्याही अर्जावर 'बघू' लिहिणारा माणूस. सव्वीस वर्षांत त्यांनी काय काय बघायचं ठेवलंय, ते त्यांच्या कपाटालाच माहीत!

"सर, विज्ञान दिनाला माझा कार्यक्रम ठेवा," मी म्हणालो. "जुने खेळ, त्यांची चित्रं आणि संगीत. आवडला तर खोली द्या."

"बघू," ते म्हणाले. पण ठेवला. दुसरं कोणी तयारच नव्हतं.

कार्यक्रमाला गर्दी झाली. मी मनातल्या मनात हजेरी घेतली. मुलं शंभरावर, कारण त्यांना बसवलेलं. मोठी माणसं बावीस. त्यातली चौदा चहासाठी, सात सावलीसाठी आणि शाळा समितीचे अध्यक्ष लिंबाजीमामा हारासाठी. गणपती मंडळाचे दोन कर्णे भिंतीवर बांधलेले. माझ्या कॉलरला माईक. एखाद्या पुढाऱ्यासारखा मी घसा खाकरला.

"चित्रकाराकडं रंग कमी, जागा कमी. मग त्यानं काय करावं? एकच आकृती. पांढरी केली की ढग, हिरवी केली की झुडूप!"

"मंजे आमच्या पुढाऱ्यावानी," लिंबाजीमामा म्हणाले. "मानूस त्योच, रंग दुसरा!"

कडाडून टाळी पडली. माझ्या भाषणातली पहिली टाळी, आणि ती मामांना!

"आणि संगीत! संगीतकाराकडं आवाज फक्त चार. दोन पिपाण्या, एक घुमणारा खर्ज आणि एक कढईत फोडणी पडल्यासारखा खर्रर्र! एवढ्यात त्यानं आख्खा समुद्र समोर आणला!"

तेवढ्यात समोर चहाची किटली आली. सगळ्या माना तिकडं वळल्या. मी आवाज चढवला.

"आता मुख्य मुद्दा! कॅसेट चालली नाही की आपण लहानपणी काय करायचो?"

"फुंकर!" सगळी मोठी माणसं एका सुरात ओरडली.

"हीच ती अंधश्रद्धा! फुंकरीनं काही होत नसतं. उलट तोंडातल्या ओलीनं आतल्या पट्ट्या गंजतात. कॅसेट चालते ती काढून परत बसवल्यामुळं. हे घ्या, दाखवतोच!"

मी ऐटीत कॅसेट बसवली. पडदा काळा. काढली, बसवली. नुसत्या रेघा. काढली, बसवली. सात वेळा! योगीराज सरांनी घड्याळ बघितलं. मला डोळ्यांसमोर भंगारवाल्याचा हातगाडा दिसायला लागला.

"सर, फुंका की!" लिंबाजीमामा म्हणाले.

"नाही! तत्त्व म्हणजे तत्त्व!"

आणि मग, वाचकहो, मी रुमाल काढला. कॅसेट पुसण्याचं निमित्त करून लोकांकडं पाठ केली, खाली वाकलो, आणि अगदी हळूच, कोणाला कळणार नाही अशी...

"फूऽऽऽ!"

कॉलरचा माईक चालूच होता! ट्रकचं टायर फुटावं तशी माझी फुंकर दोन्ही कर्ण्यांतून गावभर गेली. त्याच क्षणी पडदा उजळला आणि संगीत सुरू झालं. लोक उभे राहून टाळ्या वाजवायला लागले.

इथवर ठीक होतं. पण एका कर्ण्याचं तोंड होतं चतुराबाईंच्या ओसरीकडं. म्हातारीला तीन दिवसांपासून उचकी लागलेली. साखर खाऊन झाली, श्वास कोंडून झाला, आठवण काढत असतील म्हणून झाडून सगळ्या नातेवाइकांना फोन करून झाले. नुकता कुठं तिचा डोळा लागलेला, आणि डोक्यावर "फूऽऽऽ!" म्हातारी बाजेवरून हातभर उडाली, आणि उचकी बंद!

ती तशीच काठी टेकत शाळेत आली. "कोन फुंकलं? मला फुंकणारा दाखवा!"

शंभर मुलांनी माझ्याकडं बोट केलं.

दुसऱ्या दिवशी दारात तीन मोबाईल आणि एक मिक्सर. तिसऱ्या दिवशी लिंबाजीमामांचा शेतातून फोन.

"सर, मोटर पानी उचलायली न्हाई. फोन मोटरीपाशी धरलाय. फुंका!"

"मामा, मी विज्ञानाचा शिक्षक आहे!"

"म्हणून तर तुमाला सांगायलोय!"

मी सगळ्यांना हात जोडून नाही म्हणालो. तशी माझी किंमत आणखी वाढली. "बगा," चतुराबाई सगळ्यांना सांगत सुटली, "खरा गुनी मानूस कदी लवकर हाव म्हनत न्हाई!"

खोलीचं विचारलं तर योगीराज सर 'बघू' म्हणाले, आणि आठवड्यात तालुक्याला निनावी अर्ज गेला. 'विज्ञान शिक्षक फुंकर मारून बुवाबाजी करतात, तरी योग्य ते बघावे.' अर्ज कोणी केला ते मी सांगणार नाही. पण त्यातला 'बघावे' फार सवयीच्या हातानं लिहिलेला होता.

चौकशीला आल्या विस्तार अधिकारी धम्मशीला मॅडम. चहा नको म्हणाल्या, तेव्हा मी माझाही कप परत पाठवला.

"विज्ञानाचे शिक्षक तुम्ही, आणि फुंकरी मारता?"

"मॅडम, उचकी दचकल्यामुळं थांबली. आणि कॅसेट नुसती काढून परत बसवली तरी चालते."

"मग दाखवा. न फुंकता. चालली तर खोलीची शिफारस मी करते. नाही चालली तर अहवाल जाईल."

म्हणजे आता खोलीच नाही, नोकरीही त्या कॅसेटमध्ये अडकली! खिडक्यांना आख्खं गाव लटकलेलं. मी कॅसेट बसवली. पडदा काळा. परत बसवली. रेघा. तिसऱ्यांदा काढली तर माझ्या ओठांचा आपोआप चंबू झाला.

"सर, ओठ!" मॅडम कडाडल्या.

मी दात आवळून ओठ मिटले. कॅसेट बसवली. रेघाच! चौथ्यांदा डोळे मिटून बसवली, आणि दोन पिपाण्या, खर्ज, खर्रर्र! समुद्र समोर आला!

"बघितलंत?" मी खिडकीकडं वळून ओरडलो. "न फुंकता! याला म्हणतात विज्ञान!"

खिडकीतून लिंबाजीमामा समजुतीच्या सुरात म्हणाले, "सरांनी सकाळीच घरून फुंकून आणली असंल."

"हाव की," चतुराबाई म्हणाली. "गुन ऱ्हातोय त्येचा!"

मॅडम पहिल्यांदा हसल्या. मग परत गंभीर झाल्या, आणि खोली मला मिळाली. अट एकच. दारावर माझ्याच अक्षरात पाटी लावायची: 'शाळेच्या आवारात फुंकर मारण्यास सक्त मनाई आहे.' पाडव्याच्या आत घर मोकळं झालं. माधवीनं टीव्हीच्या जागी शिलाई मशीन ठेवलं आणि त्या दिवशी मला न मागता दुसरा चहा दिला.

संग्रहालय आता रोज भरतं. मुलं खेळतात, चित्रं बघतात. चतुराबाई भिंतीला टेकून ते संगीत भजनासारखं डोळे मिटून ऐकते. कॅसेट का चालते हे मला पक्कं माहीत आहे. तरीपण, तुम्हाला म्हणून सांगतो, रोज पावणेदहाला मी ती रुमालात गुंडाळून शाळेच्या फाटकाबाहेर जातो. फाटकाबाहेर शाळेचं आवार संपतं. तिथं पाठ करून मी हळूच एक फुंकर मारतो आणि आत येतो.

नेमक्या त्याच वेळी गावातली बरीच माणसं तिथून सहज चाललेली असतात. काल सहा मोबाईल, एक मिक्सर आणि एक म्हैस होती.

म्हशीकडं बघून मी फुंकलो नाही. वाराच तिकडं वाहत होता, त्याला माझा काय इलाज!