पालकाचा रकाना

शिंपलबेटाचे राष्ट्रगीत वडिलांचे नाव बदलून घ्यायला मंगळवारी सकाळी नोंदणी कार्यालयात आले. रांगेतले लोक उभेच होते, त्यामुळे त्याच्या मानासाठी कुणाला वेगळे उठावे लागले नाही.

खिडकीवर सुगंधा पागधरे होती. अर्जावर वडिलांचे नाव होते, गीत लिहिणारे कवी अच्युतानंद. शाळेपासून हे गीत तिने छाती फुगवून म्हटले होते. पण गेल्या वर्षी या अच्युतानंदांची जुनी पत्रे छापून आली. किनाऱ्यावरची काळी माणसे ओझी वाहायलाच जन्मतात, त्यांना अक्षर शिकवू नये, असे त्यांत लिहिले होते. सुगंधा किनाऱ्यावरची होती आणि चांगली काळीभोर होती. तेव्हापासून राष्ट्रगीताला ती उभी राही, पण ओठ मिटून. त्याचा त्रास तिलाच जास्त होई.

"कारण?" तिने विचारले.

"लाज वाटते, बाई. उद्या वर्धापनदिन. हे नाव घेऊन मी कुणाच्या गळ्यातून बाहेर पडणार नाही."

"जन्मदात्याचं नाव बदलता येत नाही. खोटी नोंद मी करायची नाही."

राष्ट्रगीत रडकुंडीला आले. सुगंधाने अर्ज उलटून पाहिला.

"पालकाचा रकाना कोराच आहे की. तुम्हाला वाढवलं कुणी?"

"लोकांनी."

"एक नाव सांगा. अख्खं बेट मावायचं नाही एवढ्याशा जागेत."

गीताने बराच वेळ आठवून पाहिले. "किनाऱ्यावर भिकाजी पागधरे होते. जाळं ओढताना मला रोज म्हणायचे. सूर जरा वरच लागायचा त्यांचा."

सुगंधाने लेखणी उचलली. "ते वारले, सहा वर्षं झाली. मी त्यांची मुलगी."

मग तिने रकान्यात टपोऱ्या अक्षरांत स्वतःचे नाव लिहिले आणि शिक्का मारला. फार बरे वाटले तिला.

"बाहेर बाकावर कोण बसलंय?"

"माझं तिसरं कडवं," गीत खालमानेने म्हणाले. "त्यात तुम्ही किनाऱ्यावरचे लोक आहात, पत्रांतल्यासारखेच. आत आणायचा धीर झाला नाही."

"आण त्याला आत. नोंद सगळ्यांची होते. म्हणायचं काय आणि काय नाही, ते पालक ठरवतो."

दुसऱ्या दिवशी मैदानावर दोन कडवी झाली. सुगंधा मोकळ्या गळ्याने गायली, सूर जरा वरच लागला. तिसरे कडवे पालकांच्या रांगेत, तिचे बोट धरून, गप्प उभे होते.