उष्ट्याचा पुरावा

"पहिल्या घासाला पकडतो की नाही बघ!" असं म्हणत शंकासुरांनी टाय आवळला, तेव्हा त्यांच्या बायकोनं नुसता सुस्कारा सोडला.

शंकासुर हे काही त्यांचं खरं नाव नव्हे हो! विमा कंपनीत खोटे दावे पकडण्यात त्यांचा जन्म गेला, म्हणून ऑफिसनं ठेवलेलं नाव. घरी दूध नासलं, तर ते आधी दुधावर संशय घ्यायचे, मग पातेल्यावर, मग बायकोवर. आणि आता एकुलत्या एका लेकीनं जाहीर केलं होतं, "लग्न करीन तर त्याच्याशीच!" तो म्हणजे एका फ्रेंच हॉटेलातला मुख्य शेफ. हॉटेलही असं, की दारावरच पाटी : 'आमच्याकडे काहीही वाया जात नाही.'

ती पाटी वाचली त्याच दिवशी शंकासुरांच्या मनात पाल चुकचुकली.

"काहीच वाया जात नाही? मग लोक ताटात टाकतात ते जातं कुठे? सरळ आहे! या टेबलावरचं त्या टेबलावर! उष्टं गं, उष्टं! असल्या माणसाला माझी पोर देऊ?"

"आधी जेवा, मग हो-नाही सांगा, एवढंच म्हणालीये ती," बायको म्हणाली. "उगाच खुसपट काढून नाही म्हणालात, तर ती तुमच्याशी जन्मात बोलायची नाही. आणि मीसुद्धा!"

हॉटेलात सगळे कुजबुजत बोलत होते. काहीतरी लपवायचं असल्याशिवाय माणूस कुजबुजतो कशाला? शंकासुरांनी खुर्ची भिंतीला टेकवली, म्हणजे पाठीमागून कुणी यायला नको. पहिला पदार्थ एका घासात संपला. मग वेटरनं परातीएवढ्या बशीत चमचाभर हिरवं काहीतरी आणून ठेवलं.

"वाटाण्याच्या सालांचं सूप, सर."

"सालांचं? आणि वाटाणे?"

"ते आधीच्या पदार्थात होते, सर."

"आधीच्या पदार्थात वाटाणे नव्हते!"

"एक होता, सर."

मग गाजराच्या पाल्याची चटणी आली, मग माशाच्या काट्यांचा रस्सा. शंकासुर प्रत्येक बशी उचलून खालून बघत होते. बायको मात्र डोळे मिटून चमचा चाटत होती. "अहो, काय सुरेख झालंय!"

"तुलाही फितवलं वाटतं!" शंकासुर म्हणाले आणि रागारागानं पावाची कड चावली. कड कसली, वीट ती! दाढेतून अशी कळ गेली, की डोळ्यांसमोर काजवे चमकले. त्यांनी घाईघाईनं खिशातली डबी काढली. आत दोनच लवंगा होत्या. एक त्यांनी दाढेखाली धरली. दुसऱ्या लवंगेकडे बघता बघता त्यांचे डोळे लकाकले.

"पुरावा!" ते पुटपुटले आणि ती लवंग त्यांनी उष्ट्या पावात खोल खुपसली. "आता बघ. फिरून येते की नाही!"

वेटर पाव घेऊन गेला. थोड्या वेळानं दोन वाट्या घेऊन आला.

"कालच्या पावाचं आइस्क्रीम, सर."

"पावाचं!" शंकासुरांनी बायकोला टेबलाखालून लाथ मारली. त्यांनी एक चमचा तोंडात घातला, आणि काय सांगू! लवंग! चक्क लवंगेचा वास, लवंगेची चव! ते ताडकन उठले. खुर्ची मागच्या भिंतीवर आदळली.

"उष्टं!" ते गरजले. "पुराव्यानिशी सांगतो! इथे उष्टं वाढतात हो, उष्टं!"

सगळ्या काट्याचमच्यांचा आवाज थांबला. शेजारच्या गृहस्थांनी घास हळूच रुमालात काढला. पण तिसऱ्या 'उष्टं'ला शंकासुरांच्या तोंडातून काहीतरी काळं उडालं आणि टप्पकन बायकोच्या वाटीपुढे पडलं.

बायकोनं वाकून पाहिलं. "अहो, ही तुमच्या दाढेखालची लवंग!"

वेटरनं छोट्या ब्रशनं ती अदबीनं सुपलीत लोटली. शंकासुर मटकन खाली बसले. धरणी दुभंगेल तर बरं, असं त्यांना झालं. तेवढ्यात आतलं दार उघडलं आणि शेफ स्वतः बाहेर आला. हातात एक चिमुकली बशी, बशीत हिरवं पान, पानावर एक लवंग.

"काका, ही तुमची ना? नाक अगदी तुमच्या लेकीसारखं आहे, मी तुम्हाला मघाशीच ओळखलं." तो हसला. "ताटातलं उष्टं आम्ही मागच्या बागेत गांडुळांना घालतो. त्यांना लवंग सोसायची नाही, म्हणून पावातून काढून घेतली. पण टाकवेना. इथे काही वाया जात नाही हो!"

 आइस्क्रीम एव्हाना शंकासुरांच्या दाढेत भिनलं होतं आणि कळ पार कानापर्यंत पोहोचली होती. डबी रिकामी! त्यांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि पानावरची ती लवंग गपकन तोंडात टाकली.

"मग?" बायकोनं विचारलं. "हो की नाही?"

तोंड उघडायची तर सोय नव्हती. तीही उडाली असती! शंकासुरांनी मुकाट्यानं मान डोलावली.

बायकोनं तिथल्या तिथे लेकीला फोन लावला. "हो म्हणाले गं! अगं नाही, बाकीचं नीट खाल्लंय कुठे त्यांनी? शेवटी उष्टंच गोड लागलं!"